कागदावरची कोंबडी मरत नाही

'घरच्या घरी कोंबड्या आणि मधमाश्या पाळण्यातला आनंद' या विषयावर बोला, असा निरोप मला आला. मी म्हटलं, आनंदावर बोलते, पण नुकसानीवरही बोलू द्याल का? कारण या दोघींनी मला जेवढं दिलं, तेवढंच वेळोवेळी माझ्याकडून नेलंही आहे. गेलेल्याचा हिशेब सांगितल्याशिवाय मिळालेल्याची किंमत कळत नाही.

मी शेतीतज्ज्ञ नव्हे. जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं मुलांना शिकवलं आणि त्यातही 'गणिताच्या बाई' म्हणून ओळखली गेले. माझं माहेर सातारा जिल्ह्यातलं, जावळी तालुक्यात मेढ्याच्या वरच्या अंगाला, डोंगरात. सासर सांगली जिल्ह्यात, पलूस तालुक्यात, कृष्णेच्या काठावर. माहेरी मधमाश्या होत्या, सासरी कोंबड्या. २०१२ साली मी निवृत्त झाले आणि माहेरच्या माश्या सासरच्या परड्यात आणल्या. आजची गोष्ट ही एवढीच आहे.

आधी कोंबड्यांबद्दल सांगते. सासूबाईंना मी आमच्याकडच्या रीतीप्रमाणे आत्याबाई म्हणत असे. आत्याबाई शाळेत गेलेल्या नव्हत्या. पण अंडं चिमणीच्या उजेडासमोर धरून त्यात जीव आहे की नाही ते सांगायच्या. कोंबडी खुडूक झाली, पिसं फुलवून एकाच जागी बसायला लागली, की त्या डालग्यात भुसा घालून तिला रवणाला बसवायच्या. खाली ठेवायची अंडी नऊ, अकरा किंवा तेरा. सम संख्या कधी नाही. सोबत कोळशाचा एक तुकडा आणि लोखंडी खिळा. कोळसा आणि खिळा कशाला, ते मी कधी विचारलं नाही. पण विषम अंडीच का, हे मात्र विचारलं. गणिताची बाई ना मी! त्या म्हणाल्या, "जोडीजोडीनं मोजलं की एक उरतं. ते देवाचं धरायचं."

तेव्हा मी मनात हसले होते. आता हसत नाही. तेरा अंड्यांतली तेराच्या तेरा पिल्लं वाढणार नाहीत, हे त्या माउलीनं अंडी ठेवतानाच मान्य केलेलं असे. त्यांच्या हिशेबात नुकसानीला पहिल्या दिवसापासून जागा होती. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम पडणार आहे.

एकविसाव्या दिवशी पिल्लं बाहेर येतात. त्याच्या आदल्या दिवशी डालग्याला कान लावला, तर अंड्याच्या आतून चिवचिव ऐकू येते आणि कोंबडी तिला अगदी वेगळ्या, खालच्या आवाजात उत्तर देते. हे ज्यानं एकदा ऐकलं, तो कोंबडीला पुन्हा 'अंड्याचं यंत्र' म्हणणार नाही. पोल्ट्रीतली कोंबडी वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देते, आमची गावठी साठ-सत्तर. लोक म्हणतात, गावठी परवडत नाही. पण उबवणीचं यंत्र, पिल्लांसाठी विजेचा दिवा आणि सांभाळणारं माणूस या तिन्हींचं काम ती एकटी करते, शिवाय खरकटं आणि किडे खाऊन पोट भरते. पोल्ट्रीच्या हिशेबात या कामाला रकाना नाही, म्हणून ते फुकट वाटतं.

आमच्याकडे कोंबडी कापायची नाही असं काही नाही. जत्रेला रस्सा होतोच. फक्त एक सावधगिरी बाळगा. नातवंडांना कोंबड्याचं नाव ठेवू देऊ नका. आमच्या एका तुऱ्याच्या कोंबड्याचं नाव धाकट्या नातवानं 'सरपंच' ठेवलं. झालं! तो कोंबडा म्हातारा होऊन मेला आणि त्याला परड्यात खड्डा काढून पुरावा लागला.

आता मधमाश्या. आमच्या जावळी-महाबळेश्वरच्या डोंगरात उन्हाळ्याच्या तोंडाला जांभूळ, गेळा, हिरडा फुलतो. पाऊस ओसरला की व्हायटी आणि सात-आठ वर्षांनी एकदा कारवी. कारवी फुलली की त्या वर्षीचा मध घट्ट आणि गडद. माझे वडील सातेरी जातीच्या माश्या पाळत. सातेरी ही आपली देशी माशी. झाडाच्या ढोलीत, खडकाच्या कपारीत, जुन्या घराच्या भिंतीत अंधारात एकाला एक लागून पोळी बांधते, म्हणून ती पेटीत राहू शकते. आग्या माशी उघड्यावर एकच मोठं पोळं लावते. ती पेटीत राहत नाही आणि तिच्या वाटेला जाऊही नये.

पूर्वी मध काढायचा म्हणजे धूर करून सगळं पोळं कापायचं आणि पिळायचं. मधाबरोबर अंडी, अळ्या सगळं जायचं. १८५१ साली अमेरिकेतल्या लँगस्ट्रॉथ नावाच्या एका पाद्र्यानं एक साधी गोष्ट हेरली. माश्या आपल्याला ये-जा करायला एक सेंटिमीटरहून थोडी कमी जागा मोकळी सोडतात आणि तेवढ्या फटीत पोळं बांधत नाहीत. त्यानं पेटीतल्या चौकटींमध्ये नेमकी तेवढी फट ठेवली आणि चौकट वर उचलता येऊ लागली. आज आपण वापरतो ती मधपेटी याच तत्त्वावर बनते. खालच्या मजल्यावर राणी अंडी घालते, वरच्या मजल्यावर माश्या मध साठवतात. वरची चौकट काढायची, यंत्रात फिरवून मध घ्यायचा आणि पोळं जसंच्या तसं परत ठेवायचं.

सातारा जिल्ह्यात या पेटीनं चांगली मुळं धरली. खादी व ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय महाबळेश्वरलाच आहे. पुण्यात १९६२ सालापासून केंद्र सरकारची मधमाशी संशोधन आणि प्रशिक्षण संस्था आहे. महाबळेश्वरजवळचं मांघर हे गाव तर २०२२ च्या मे महिन्यात देशातलं पहिलं 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं. पर्यटक मध घेऊन जातात, पण तो मध पिढ्यान्‌पिढ्या जंगल राखणाऱ्या माणसांमुळे आहे, हे बाटलीवर लिहिलेलं नसतं.

माझ्या थोरल्या भावानं मला दोन पेट्या दिल्या. माश्यांचा प्रवास रात्रीचा करायचा असतो. अंधार पडून सगळ्या घरी आल्या की दाराला जाळी लावायची आणि निघायचं. मेढ्याहून सातारा, कराड करत आम्ही पहाटे गावी पोहोचलो. पेटीला कान लावला तर आत मंद घुमल्यासारखा आवाज. मुलगी सासरी निघाली की जसं माहेरचं काही बरोबर येतं, तसं मला माझं माहेर चाळीस वर्षांच्या आत पुन्हा मिळालं.

पण श्रोतेहो, डोंगरातली माशी ऊसपट्ट्यात आणणं सोपं नव्हतं. उसाचा फड दिसायला हिरवागार, पण माशीला तो वाळवंटासारखा, कारण तोडणीपर्यंत त्यात तिच्यासाठी फूल नाही. माझ्या माश्या जगल्या त्या बांधावरच्या करंजावर, कडुलिंबावर, चिंचेवर, शेवग्यावर, परड्यातल्या लिंबावर आणि कुणी तूर, सूर्यफूल, धने केलं तर त्यावर. हिवाळ्यात गुऱ्हाळं सुरू झाली की त्या रसाच्या वासानं तिकडे धावायच्या आणि शेकड्यांनी काहिलीत पडून मरायच्या. गुळव्या झाऱ्यानं त्यांना बाजूला काढायचा.

पहिल्या वर्षी मी मोठी चूक केली. एप्रिलमध्ये वरचा मजला मधानं भरला. मला कोण आनंद! सगळ्या चौकटी काढल्या, सगळा मध घेतला, बाटल्या भरून नातेवाइकांना वाटल्या. जूनमध्ये पाऊस लागला. बाहेर फुलं नाहीत, आत साठा नाही. साखरेचा पाक द्यायचा असतो हे मला माहीत होतं, पण 'देऊ पुढच्या आठवड्यात' म्हणत राहिले. एके दिवशी सकाळी पेटी हलकी लागली. उघडली तर आत एक माशी नाही. चौकटींवर मेणकिड्याची जाळी. सातेरीचा हा स्वभावच आहे. उपासमार, मुंग्या, मेणकिडा, फार उष्णता, यांतलं काही असह्य झालं की सगळं घरदार सोडून ती निघून जाते. भावाला फोन केला. तो रागावला नाही. एवढंच म्हणाला, "ताई, कोंबडीला खुराड्याचं दार लावता येतं. माशीला पटलं तर ती राहते."

त्या दिवसापासून वरच्या मजल्यातला सगळा मध मी कधीही घेतलेला नाही. पेटीचे चार पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले, म्हणजे मुंग्या चढत नाहीत. सातेरीच्या एका पेटीतून वर्षाला पाच-दहा किलो मध मिळाला, तर तो भरपूर समजावा. आणि हो, थंडीत मध गोठला म्हणजे त्यात साखर मिसळली असं समजू नका. शुद्ध मधही गोठतो. बाटली कोमट पाण्यात ठेवा, मध पुन्हा पातळ होईल.

कोंबड्या आणि माश्या एकत्र नांदतात का, असं मला पुष्कळ जण विचारतात. नांदतात. पेटीखाली पडलेल्या मेलेल्या माश्या आणि मेणकिड्याच्या अळ्या कोंबड्या वेचून खातात. उन्हाळ्यात माश्या कोंबड्यांच्या पाण्यावर येतात आणि बुडून मरतात. म्हणून त्या भांड्यात मी खडे घातले, म्हणजे त्यांना बसायला जागा होते. पेटीच्या दारासमोर मात्र कोंबडीलाही फिरू देऊ नये आणि माणसानंही उभं राहू नये. माश्यांची ये-जा अडली की त्या चिडतात. काही माणसांना एका डंखानंही अंगावर गांधी उठतात, श्वास लागतो. असं झालं तर घरगुती उपाय करत न बसता सरळ दवाखाना गाठावा.

आता नुकसानीच्या वहीकडे वळते. ही वही खरोखरच आहे. डाव्या बाजूला 'आलं', उजव्या बाजूला 'गेलं'. सुरुवातीच्या पानांवर 'गेलं'च्या रकान्यात मुंगूस, बोका, घार ही नावं पुन्हा पुन्हा येतात. मग एका वर्षी तिथं नुसतं 'मानमोडी' लिहिलंय आणि पुढे एकोणीस आकडा. मानमोडी म्हणजे राणीखेत. १९२७ मध्ये उत्तरेतल्या राणीखेत गावी हा रोग आढळला, म्हणून आपल्या देशात त्याला ते नाव पडलं. कोंबडीची मान वाकडी होते, हिरवट हगवण लागते आणि आठवड्याभरात खुराडं रिकामं होतं. रोग झाल्यावर औषध नाही. आधी लस हाच उपाय. पहिल्या आठवड्यात लासोटाचा थेंब, दोन महिन्यांच्या सुमारास पुन्हा टोचून लस. अडचण अशी, की लसीची बाटली शंभर पक्ष्यांची. एकदा कालवली की थोड्या वेळात संपवायची. माझ्याकडे वीस कोंबड्या, मग मी बाटली फोडू कशाला? असं म्हणत मी लस टाळली आणि एकोणीस गेल्या. आता आमच्या आळीतल्या आठ-दहा जणी एकाच संध्याकाळी आपापल्या कोंबड्या डालग्यातून घेऊन येतात. बाटली एक, खर्च वाटून. हळदीकुंकवासारखा कार्यक्रम होतो.

तिसऱ्या वर्षी माश्या गेल्या, त्या औषधानं. शेजारच्या शेतात तूर फुलली होती. शेजाऱ्यांनी अळीसाठी सकाळी दहाला फवारणी केली. दुपारी पेटीच्या दाराशी माश्यांचा थर पडला होता. काही अजून पाय झाडत होत्या. मी तावातावानं बांधावर गेले. ते बिचारे गोंधळले. म्हणाले, "वहिनी, मला अळी मारायची होती. तुमच्या माश्या माझ्या तुरीवर येतात, हे मला काय माहीत?" खरंच होतं. मी पेट्या आणल्या, पण चारी बाजूंच्या शेजाऱ्यांना कधी सांगितलं नव्हतं. कोंबडी कुंपणात राहते. माशी किलोमीटर-दीड किलोमीटर फिरते आणि सातबारा बघून फुलावर बसत नाही.

मग आम्ही ठरवलं. फवारणी करायची तर सूर्य मावळल्यावर, शक्यतो भर फुलोऱ्यात नाही आणि आदल्या दिवशी मला निरोप. मी रात्री पेटीला जाळी लावते आणि सकाळी थोडी उशिरा काढते. पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी दोडका आणि कारली केली. या वेलांना नर फूल वेगळं, मादी फूल वेगळं. माशी फिरली तरच फळ धरतं. तेव्हा ते स्वतःहून म्हणाले, "वहिनी, एक पेटी माझ्या बांधाला ठेवा की." आटपाडीकडचे डाळिंबवाले आता भाडं देऊन पेट्या नेतात. माशी नाहीशी झाली तर माणूस चार वर्षांत संपेल, असं एक वाक्य आइन्स्टाइनच्या नावावर खपवलं जातं. तो असं म्हणाल्याचा काही पुरावा नाही. पण ते वाक्य नसलं तरी दोडक्याचा वेल पुरेसा पुरावा आहे.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे भाषण स्वीकारलं, ती सांगते.

२०१८ सालची गोष्ट. माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. हुशार, कष्टाळू, दीड एकराचा धनी. त्याच्या हातात एक छापील पत्रक होतं. कडकनाथ कोंबडीची योजना. कडकनाथ ही मध्य प्रदेशातल्या झाबुआची काळ्या मांसाची, अस्सल देशी जात. २०१८ मध्येच तिला भौगोलिक मानांकन मिळालं आणि तिचं नाव सर्वतोमुखी झालं. योजना अशी, की तुम्ही पैसे भरायचे, कंपनी पक्षी आणि खाद्य देणार, अंडी आणि कोंबड्या ठरलेल्या चढ्या भावानं परत घेणार. मुलगा म्हणाला, "बाई, तुम्ही हिशेब बघा. तुम्ही बरोबर म्हणालात तर मी पैसे भरतो."

मी चष्मा लावला, पेन्सिल घेतली. इतके पक्षी, त्यांतल्या इतक्या माद्या, प्रत्येकीची इतकी अंडी, अंड्याला इतका भाव. गुणाकार तपासला, बेरीज तपासली. एकही चूक नव्हती. मी म्हणाले, "हिशेब बरोबर आहे."

श्रोतेहो, घरात 'गेलं'चा रकाना असलेली वही ठेवणारी मी बाई. मानमोडीनं एकोणीस कोंबड्या गमावलेली. तरी मला एकदाही वाटलं नाही, की या कागदावर एकसुद्धा कोंबडी मेलेली नाही. एकही खुडूक झालेली नाही. एका अंड्यालाही तडा गेलेला नाही. सगळ्यात मोठं म्हणजे, एवढी महाग अंडी शेवटी खाणार कोण, हे त्या कागदावर कुठंच नव्हतं. आत्याबाईंनी असला कागद दोन मिनिटांत परत केला असता. 'देवाचं कुठं आहे यात?' असं विचारलं असतं. मी फक्त गुणाकार तपासला.

त्यानं बायकोचे दागिने गहाण ठेवले, शेड घातली. २०१९ च्या उन्हाळ्यापर्यंत बरं चाललं. मग खाद्य येणं थांबलं, अंडी उचलणं थांबलं. उपाशी कोंबड्या एकमेकींना टोचून मारू लागल्या. वाळवा तालुक्यातून सुरू झालेल्या या प्रकारात सांगली, सातारा, कोल्हापूर आणि राज्यातल्या इतरही जिल्ह्यांतले शेतकरी अडकले. कोट्यवधी रुपये गेले. फसवणुकीचे गुन्हे दाखल झाले, मोर्चे निघाले. तमिळनाडूत २०१२ साली इमू पक्ष्यांच्या बाबतीत नेमकं हेच झालं होतं. पक्षी बदलला, राज्य बदललं, पण कागद तोच राहिला.

आणि त्याच ऑगस्टमध्ये महापूर आला. सांगलीच्या आयर्विन पुलाशी पंचेचाळीस फुटांना धोक्याची पातळी. त्या वर्षी पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं. आमच्या घरात पाणी शिरलं ते रात्री. आम्ही कोंबड्या पोत्यांतून गच्चीवर नेल्या. सतरा होत्या. मक्याचं अर्धं पोतं तिथं फोडून टाकलं. दोन्ही मधपेट्या मुलांनी पाण्याच्या टाकीशेजारी नेऊन ठेवल्या. सकाळी बोट आली. मी पायरीवर थांबले. बोटीतला मुलगा म्हणाला, "काकी, आधी माणसं. कोंबड्या राहूदेत." त्याचं बरोबर होतं. आमच्याच तालुक्यात ब्रह्मनाळला ८ ऑगस्टला बोट उलटून माणसं गेली. त्यापुढे कोंबड्यांचं दुःख काय सांगायचं? मी मागं न बघता बोटीत बसले.

नवव्या दिवशी परतलो. गावात चिखल आणि मेलेल्या जनावरांचा वास. गच्चीवर सतरातल्या सहा कोंबड्या जिवंत होत्या. एक पेटी रिकामी. दुसरीच्या दाराशी दोन-चार माश्या ये-जा करत होत्या. सगळीकडे गाळ, झाडं तपकिरी, एक फूल नाही, तरी त्या बाहेर जात होत्या आणि परत येत होत्या. मी आधी चूल पेटवली नाही, आधी साखरेचा पाक केला.

तो विद्यार्थी दुसऱ्या दिवशी घर धुवायला आला. मी म्हटलं, "बाळा, मी तुला चुकीचं सांगितलं." तो म्हणाला, "बाई, तुम्ही गणित तपासलं. मी तेवढंच विचारलं होतं." त्यानं मला माफ केलं असेल, पण मी त्या वाक्यावर अजून अडकलेली आहे. म्हणून ही गोष्ट मी जाहीरपणे सांगते आहे.

त्यानं पुढं काय केलं, ते सांगायला हवं. त्यानं कोंबड्या सोडल्या नाहीत. ती मोठी शेड अर्धी मोडून विकली. पंचवीस पिल्लांपासून सुरुवात केली, काही गावठी, काही गिरिराज. २०२० मध्ये कोंबडीमुळे कोरोना होतो अशी अफवा उठली आणि मोठ्या पोल्ट्र्यांना फुकट कोंबड्या वाटायची वेळ आली, तेव्हा याच्या घरी कोंबड्या चरत होत्या आणि घरची माणसं अंडी खात होती. खाद्याची उधारी नव्हती, म्हणून तो तरला. आज तो आठवडी बाजारात अंडी विकतो. दागिने सुटायला चार वर्षं लागली. श्रीमंत झाला नाही. पण झोप लागते, असं म्हणतो.

२०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला. या वेळी पाणी वाढतंय कळताच आम्ही कोंबड्या आणि पेट्या रात्रीच टेंपोत घालून विट्याकडे पाहुण्यांच्या मळ्यात नेल्या. एकही गेली नाही. 'गेलं'च्या रकान्यात मी त्या दिवशी शून्य लिहिलं. आयुष्यात एवढं मोठं शून्य मी फळ्यावरही कधी काढलं नव्हतं.

आता माझ्याकडे हौशी माणसं येतात. पुण्या-मुंबईहून परत आलेली तरुण मुलं येतात, निवृत्त मंडळी येतात. विचारतात, किती मिळतील? मी वही पुढं करते आणि म्हणते, आधी उजवा रकाना आखा. पंचवीस पिल्लं आणलीत तर आमच्याकडे सोळा-सतरा उभी राहतात, चांगल्या वर्षी वीस. दोन पेट्या आणल्यात तर एखाद्या पावसाळ्यात एक रिकामी होईल असं धरा. एवढं गेल्यावरही तुमचं घर चालणार असेल, कर्जाचा हप्ता थकणार नसेल, तरच आणा. शेजाऱ्यांना आधी सांगा. लसीला चार जणी जोडा. मध घ्या, पण वरचा मजला पुसून घेऊ नका. आणि कुणी छापील कागद घेऊन आला, तर गुणाकार तपासू नका. त्याला विचारा, यात किती मरतात ते दाखव. तो जर म्हणाला 'एकही नाही', तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

आत्याबाई जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. परवा एक कोंबडी खुडूक झाली. सूनबाई अंडी घेऊन आली, मोजली आणि म्हणाली, "आई, बारा आहेत." मी म्हटलं, "एक काढ, आणि अकरा ठेव." ती म्हणाली, "का?"

मी तिला सांगितलं. तिनंही हसून घेतलं. हसू दे. तिचीही वही अजून कोरी आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)